ठेवते म्हणजे फोन ठेवते

मुलुंडला आमच्या घरी माझी थट्टा करायला एक हमखास विषय आहे. फोनवरचं बोलणं संपवताना मी नुसतं ‘ठेवते’ असं म्हणत नाही. ‘फोन ठेवते’ म्हणते, आणि तेही ‘फोन’वर जोर देऊन. नवरा म्हणतो, “नाहीतर काय फ्रीज ठेवणार होतीस?” सासूबाईंनी तर भिशीच्या बायकांना माझी नक्कल करून दाखवली आहे. मी काही बोलत नाही, कारण ही खोड माझी नाही. ती मला काकांनी लावली, आणि त्यांनी लावलेल्या खोडींमधली ती सगळ्यात कमी त्रासाची आहे.

काका माझे कुणी लागत नव्हते. साकीनाक्याला एका गाळ्याच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं, तिथे ते आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. आमचं काम असं की, शेतकऱ्यानं साध्या बटणांच्या फोनवरून एक नंबर फिरवायचा, आपल्याकडे काय माल आहे ते तोंडानं सांगायचं, आणि आम्ही त्याला वाशीच्या बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्याशी जोडून द्यायचं. पुढे दोघांनी बोलून भाव ठरवायचा. कंपनी निखिलची होती. तो माझ्याच वयाचा, परदेशात शिकून आलेला, आणि दिवसभर कुणाला तरी ही कल्पना समजावून सांगत असलेला. मी मराठी घेऊन एम.ए. केलेलं, आवाज बरा. म्हणून त्या सेवेत जी बाई बोलायची ती मी होते. आणि काका हे काका होते. आयुष्यभर टेलिफोन खात्यात काढून ते निवृत्त झाले होते, गोरेगावात राहायचे, निखिलच्या वडिलांचे जुने शेजारी होते आणि आमच्याकडे त्यांचं नेमकं पद काय होतं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मात्र त्यांनी ‘नाही’ म्हटलं की ती गोष्ट होत नसे.

पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेनं सेवेची सुरुवातीची वाक्यं लिहून नेली. ‘नमस्कार. आमच्या सेवेत आपलं सहर्ष स्वागत आहे. कृपया आपल्या शेतमालाचा तपशील सांगा.’ काकांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

“कृपया कोण म्हणतं?”

“सगळे म्हणतात, काका.”

“कोण सगळे? तुझी आई म्हणते? ‘कृपया पोळ्या वाढ’ असं म्हणते? कृपया फक्त रेल्वे म्हणते. आणि ती म्हणाली की समजायचं, गाडी लेट आहे.”

कृपया गेलं. सहर्ष गेलं. स्वागत गेलं. ‘धन्यवाद’ पण गेलं, कारण त्यांच्या मते शेतकरी बोलणं संपलं की ‘बरंय’ म्हणतो. शेवटी उरलं ते एवढंच: ‘बोला, काय माल आहे?’ एवढ्यासाठी मी एम.ए. केलं होतं. आणि हे एवढंसं वाक्य त्यांनी माझ्याकडून सबंध दुपार म्हणवून घेतलं. कधी मी बँकेतल्या बाईसारखी बोलते म्हणून, कधी माझा ‘बोला’ फार गोड आहे म्हणून. “गोड बोललीस तर त्याला वाटेल विमा विकतायत,” असं ते म्हणाले.

रेकॉर्डिंगसाठी निखिलनं भिंतींना जाड गाद्या लावलेली एक छोटी खोली करून घेतली होती. काकांनी मला त्या खोलीत एकदाही बोलू दिलं नाही. आमच्या खाली पत्रे कापायचं मशीन होतं, त्याच्या डोक्यावरच्या गॅलरीत उभं राहून बोलायचं. का, तर “शेतात गाद्या लावलेल्या असतात काय गो?” गाद्यांच्या खोलीत मग चहाचं सामान आणि खोकी ठेवायला लागले. निखिल त्या खोलीकडे बघायचा आणि निघून जायचा.

काकांचा स्वतःचा फोन बटणांचा होता आणि तो ते दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, वर रबर लावून खिशात ठेवत. फोन आला की पिशवीसकट कानाला लावत. आपणहून फोन केला तरी पहिला शब्द “बोल” असाच. म्हणजे मी घरी जेवायला बसलेली असायची, फोन वाजायचा, मी उचलायची, आणि पलीकडून हुकूम यायचा, “बोल.” मी काय बोलू? तुम्ही केलाय ना फोन? हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. त्यांना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं, ज्यानं फोन केला त्याला काय हवंय ते त्याला माहीतच असतं, दुसऱ्याला आधी बोलू द्यावं.

एकदा तर त्यांनी मला आरे कॉलनीत नेलं. मला वाटलं, जरा झाडाखाली बसून बोलायचं असेल. बसमधून उतरल्यावर ते थेट एका तबेल्यात शिरले. मालकाशी त्यांची ओळख होती की नव्हती देव जाणे, पण मालवणीत काहीतरी बोलणं झालं आणि आम्हाला आत घेतलं गेलं. काकांनी मला एक बादली दाखवली.

“हात भिजव कोपरापर्यंत.”

“कशाला?”

“माझा शेतकरी एसीत बसून फोन करत नाही. हात ओले, पायात चिखल, बाजूला जनावर. भिजव आणि नंबर फिरव.”

मी नवी कोरी ओढणी खांद्यावर टाकून, ओल्या हातांनी, म्हशींच्या रांगेत उभी राहून माझाच आवाज ऐकायचा प्रयत्न केला. ‘बोला, काय माल आहे?’ हे मला ऐकूच आलं नाही. शेजारच्या म्हशीला माझ्या ओढणीत रस निर्माण झाला होता. बटण दाबायला गेले तर ओलं बोट घसरून भलतंच बटण दाबलं गेलं. काका लांब उभे राहून मान हलवत होते. त्यांचं बरोबर होतं, याचाच जास्त राग येत होता. बरोबर निघणारा माणूस एरवी सहन करता येतो, पण काका बरोबर निघाले की दोन दिवस तेच बोलत.

त्या तबेल्यामुळे पुढचं सगळं झालं. शेतकरी आणि व्यापाऱ्याचं बोलणं संपल्यावर ‘सौदा ठरला असेल तर एक दाबा’ असं एक वाक्य मी ठेवलं होतं. काकांनी ते काढून टाकलं. एक तर ओल्या हातानं एक दाबलं जात नाही. आणि दुसरं म्हणजे, “माणसानं तोंडानं हो म्हटल्यावर परत बोटानं हो म्हणायचं? म्हणजे त्याच्या शब्दावर तुझा विश्वास नाही.” मग सौदा ठरला की नाही हे कळणार कसं? तर काका स्वतः सगळी बोलणी कानाला यंत्र लावून ऐकणार आणि सांगणार. निखिल म्हणाला, हे वेड आहे. मी म्हणाले, हे वेड आहे. काका ऐकायला लागले.

तशी ती बोलणी ऐकणं हे त्यांच्या आवडीचं काम होतं. डोळे मिटून ऐकायचे. मधेच हसायचे. एखादा व्यापारी ‘बघू’ म्हणाला की मला सांगायचे, “हा बघू म्हणजे नाही. पण तो मघाचा बघू होता ना, तो हो होता.” आणि त्यांचं सहसा चुकायचं नाही. त्यांनी ‘ठरला’ म्हटलं की शेतकऱ्याला माझ्या आवाजात निरोप जायचा: ‘सौदा ठरला.’ व्यापाऱ्यालाही जायचा, पण बाजाराच्या गडबडीत व्यापारी आमचे निरोप ऐकत नसत, हे आम्हाला नंतर कळलं.

जुन्नरकडच्या सुमनताई ही आमची पहिली शेतकरीण. काका स्वतः त्यांच्या गावी जाऊन, ओसरीवर बसून, चार वेळा चहा पिऊन त्यांना राजी करून आले होते. सुमनताईंना आमच्या सेवेवर अजिबात भरवसा नव्हता. त्यांचा माल शेतावर येऊन उचलणारा एक गाडीवाला होता, तोच बरा असं त्यांचं मत होतं. काकांनी त्यांना सांगितलं होतं, “ताई, फोनवर दिलेला शब्द मी जाऊ देणार नाही.” ते वाक्य ते आम्हालाही पुन्हा पुन्हा ऐकवत. आणि गावातल्या बाकीच्या बाया सुमनताईंचं काय होतं ते बघून मगच नंबर फिरवणार होत्या. म्हणजे ते गाव आमच्याकडे येणार की नाही, हे सगळं सुमनताईंच्या फ्लॉवरवर होतं.

फ्लॉवर काढणीला आला तेव्हा त्यांनी वाशीच्या एका शेठशी बोलणं केलं. काकांनी ते ऐकलं, टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, “ठरला.” सुमनताईंना निरोप गेला. त्यांनी दारात आलेल्या गाडीवाल्याला परत पाठवलं आणि शेठच्या गाडीची वाट बघत बसल्या. गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ऑफिसात फोन आला आणि तो मी घेतला.

“ती फोनमधली बाई तूच का गं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “मग सांग की, कुठं हाय तुझा शेठ? माझा फ्लॉवर उन्हात उभा हाय. आज नाही गेला तर जनावरापुढं टाकायचा.”

शेठना फोन लावला तर ते म्हणाले, कसला फ्लॉवर? मी कुठे घेतलाय फ्लॉवर?

आम्ही ते बोलणं काढून मोठ्यानं लावलं. भाव झाला होता. शेठ म्हणाले होते, बघतो. मग थोडा गोंगाट. मग सुमनताई: “ठेवू मग?” आणि शेठ, घाईघाईनं: “हां हां, ठेवा ठेवा.” आणि फोन बंद.

ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या कानाला तो सरळ सरळ ‘फोन ठेवू’ वाटला. आमच्या हिशेबनीसबाई म्हणाल्या, “छे, ती माल ठेवू का विचारतेय, तुमच्यासाठी राखून ठेवू का म्हणून.” परत लावलं. आता मलाही माल वाटायला लागला आणि त्यांना फोन. जितकं ऐकावं तितकं ते कळेनासं होत होतं. काका कोपऱ्यात बसले होते आणि प्रथमच काही बोलत नव्हते.

निखिल मात्र बोलला. तो चिडला होता आणि त्याचं चुकलं नव्हतं. “काका, याच्यासाठी मी सांगत होतो बटण ठेवा. आता बास. बोलणं-बिलणं बंद करू. ॲप करायचं, भाव लिहायचा, हिरवं बटण, लाल बटण. कुणी कुणाशी बोलायची गरजच नाही. आणि त्या ताईंना सांगा, सॉरी, सौदा झालाच नव्हता.” मग माझ्याकडे वळून, “तूच सांग ना. तुझा आवाज त्यांना माहितीये.”

“ती नाही सांगायची,” काका म्हणाले. “दोघांना एका लाईनवर घे.”

“आणि काय करणार तुम्ही?”

“ऐकवणार.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर कर तुझं ॲप. मी जाईन घरी.”

दोघांना जोडलं. काकांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ ते रेकॉर्डिंग लावलं. ‘ठेवू मग?’ ‘हां हां, ठेवा ठेवा.’

“बघा,” शेठ म्हणाले. “मी बोललो फोन ठेवा. माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं.”

सुमनताई म्हणाल्या, “मग मी काय फोन ठेवायला तुमची परवानगी मागत होते व्हय? फोन ठेवायचा असता तर ठेवला नसता का?”

काकांनी परत लावलं. शेठ म्हणाले, अहो ऐकलं. काकांनी परत लावलं. मी खुणेनं सांगत होते, काका, बास करा. ते माझ्याकडे बघतच नव्हते. चूक कुणाची, काय करायचं, भरपाई, समजूत, एक अक्षर नाही. पुन्हा पुन्हा नुसतं तेच. ‘ठेवू मग?’ ‘हां हां, ठेवा ठेवा.’ निखिलनं डोकं धरलं. मला वाटलं, आता दोघंही फोन आपटणार आणि आम्ही त्या गावाला कायमचे मुकणार.

“अहो बंद करा ते यार,” शेठ शेवटी ओरडले. “माझाच आवाज मला किती वेळा ऐकवणार? इथं पोरं हसतायत.” मग थोडा वेळ बाजाराचा कालवा नुसता ऐकू येत राहिला. “बोललो ना मी ठेवा? बोललो. उभ्या बाजारात ऐकवलंत तुम्ही. आता ठेवा म्हणजे ठेवा. पाठवतो गाडी. पण ताई, पिवळा निघाला तर पिवळ्याचा भाव.”

“पिवळा कसा निघंल?” सुमनताई लगेच म्हणाल्या. “उघडा टाकलाय का मी? सकाळधरनं गड्ड्यागड्ड्यावर त्याचीच पानं मोडून झाकत बसलीय.”

“ते मी बघून सांगेन.”

“बघा की. डोळं उघडं ठेवून बघा.”

मग दोघं भांडले. अगदी मन लावून भांडले. भाव थोडा खाली आला, थोडा वर गेला, आणि एका जागी बसला. सुमनताईंना पहिल्याइतका मिळाला नाही, शेठना वाटलं होतं तितका उतरला नाही. आणि मग एकदम शांतता पसरली.

आम्हाला वाटलं लाईन गेली. लाईन चालू होती. दोघंही फोन धरून उभे होते. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि नेहमीचा शब्द उच्चारायची कुणाची छाती होत नव्हती. काकांनी हात वर करून आम्हाला गप्प बसवलं. खाली पत्र्याचं मशीन चाललं होतं. शेवटी सुमनताईंनी घसा खाकरला आणि जपून म्हणाल्या, “बरं. फोन ठेवते. फोन.”

“हां,” शेठ म्हणाले. “फोन.”

ऑफिसात सगळे हसले, निखिलसुद्धा. काका हसले नाहीत. गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी चहा घेऊन गेले, कारण एवढं झाल्यावर मला वाटलं आता हे दोन दिवस हेच ऐकवणार. ते चहाकडे बघत म्हणाले, “तिनं फोनच म्हटलं असणार गो. किंवा माल. माका कळाक नाय. माका माल ऐकाक इलो, कारण माका तोच ऐकाचो होतो.”

 त्यांना कधी समजूत घातलेली आवडत नसे. मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली, आणि तीही त्यांना आवडली नसती.

दुसऱ्या दिवशी काका नवीन नियम घेऊन आले. बोलणं संपलं की माझा आवाज दोघांना विचारणार, ‘सौदा ठरला? हो म्हणा.’ बटण नाही, तोंडानं हो. दोन्ही बाजूंनी हो आल्याशिवाय सौदा धरायचा नाही. आधी ऐकायचं, मग फोन ठेवायचा. हे बरं झालं. पण त्याच दिवशी दुसराही नियम सुरू झाला, तो आमच्यासाठी. काकांशी फोनवर बोलताना कुणीही ‘ठेवते’ म्हटलं की ते विचारत, “काय?” आणि आपण ‘फोन’ म्हणेपर्यंत सोडत नसत. आमच्या हिशेबनीसबाईंनी एकदा चिडून ‘तुमचं श्राद्ध’ असं उत्तर दिलं होतं. काका म्हणाले, “ते घालतात, ठेवत नाहीत.”

ॲप शेवटी झालंच. निखिलनं वर्षभरात ते आणलं, आणि खोटं कशाला बोलू, ते चांगलं चालतं. हिरवं बटण, लाल बटण. कोपऱ्यात एक लहानसं बटण आहे, ‘बोला’. ते दाबलं की मी असते. सुमनताई आणि त्यांच्या गावच्या बायका अजून तेच दाबतात. काकांनी ॲप आल्यावर यायचं बंद केलं, पण फोन करायचं काही सोडलं नाही. ते ॲप त्यांनी मुद्दाम मुलाच्या फोनवर घेतलं होतं, त्यात चुका काढायला. “बोल,” म्हणून सुरुवात करायचे आणि मग भेंडीचं चित्र गवारीसारखं दिसतं, ‘प्रतवारी’ कोण म्हणतं, असं तासभर चालायचं.

मग एके दिवशी, मी कुकर लावलेला असताना, त्यांचा फोन आला. गोरेगावची जागा मुलाला देऊन ते गावी चालले होते, कुडाळच्या पुढे कुठेतरी, डोंगराच्या पायथ्याशी. घर बांधून झालं होतं.

“तिकडे रेंज येते का?” मी विचारलं.

“नाय. म्हणून तर बांधला.”

आयुष्य टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसानं रेंज नसलेलं गाव शोधून घर बांधावं, याला काय म्हणावं? मी त्यांना म्हटलंही, काका, तुमची कमाल आहे. अहो, काही दुखलंखुपलं तर? कुणाला कळवायचं असलं तर?  तर ते म्हणाले की ‘सौदा ठरला?’ मधला माझा ‘ठरला’ अजून जरा बँकेतला वाटतो, तो नीट कर. मी म्हटलं, करते. कुकरची शिट्टी झाली. ती त्यांना ऐकू गेली असावी.

“बरं, ठेव,” ते म्हणाले.

मी इतकी वर्षं या संधीची वाट बघत होते. म्हटलं, “काय?”

 मला वाटलं आता शिवी येणार, मालवणीत. 

“आठवण,” काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

दोन्ही बाजूंनी हो आल्याशिवाय सौदा धरायचा नाही, आधी ऐकायचं, मग फोन ठेवायचा, हा नियम त्यांचाच. आणि ऐकायला थांबले का ते? मी लगेच परत लावला, तर बंद होता. इतका राग आला मला. मी तशीच हातात तो बंद फोन धरून ‘हो’ म्हटलं, आणि गॅस बारीक करायला गेले.